भार गाडीचा, हिशेब आसाचा

दिवाळीच्या फराळाला किती हात लागतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. लाडू कोणी वळले, करंजीला मुरड कोणी घातली, हे घरात सर्वांना ठाऊक असते. परंतु लातूरची डाळ, कोल्हापूरची साखर आणि केरळातले खोबरे ही मंडळी एका ताटात जमली कशी, हे विचारायला कोणाला फुरसत आहे? ती जमली मालमोटारीच्या पाठीवरून. आणि मालमोटारीशी आपला परिचय काय तो एवढाच की, रस्त्यात ती पुढे आली म्हणजे आपण वैतागतो आणि तिच्या पाठीवर रंगवलेली शेरोशायरी वाचून तो वैताग थोडासा विसरतो!

पण वाचकहो, मालमोटारीवर वाचण्यासारखा खरा मजकूर तिच्या पाठीवर नसून पोटाखाली असतो. पुढच्या खेपेला एखादा ट्रक शेजारून गेला, तर त्याची चाके मोजून पाहा. कोणाला सहा, कोणाला दहा, कोणाला बारा, चौदा किंवा सोळा. आणि बंदराकडे निघालेल्या लांबलचक ट्रेलरला तर अठरा किंवा बावीस. ही संख्या काही मालकाच्या हौसेने ठरत नाही. तिच्यामागे एक पक्का हिशेब आहे. तो बरोबर असला तर शंभर मैलांचा घाटरस्ता गाडी बिनबोभाट पार करते. आणि तो चुकला, किंवा कोणी जाणूनबुजून चुकवला, तर रस्ता फुटतो, पुलाला तडे जातात आणि उतारावर माणसे मरतात. तो हिशेब कसा असतो, हे आज जरा सविस्तर पाहू.

बैलगाडीचा धडा

हा हिशेब परक्या मुलखातून आलेला नाही. ज्याने जन्मात एकदा तरी बैलगाडी भरली आहे, त्याला तो न शिकवता कळतो. पोती मागच्या बाजूला जास्त झाली की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. पोती पुढे जास्त झाली की गाडी धुरजड होते आणि सारा भार बैलांच्या खांद्यावर येतो. म्हणून जाणता गाडीवान माल असा रचतो की, बहुतेक ओझे आसावर राहावे आणि जुवावर अगदी बेताचे यावे. गाडी तीच, पोती तितकीच. परंतु ती ठेवली कुठे, यावर बैलांचे हाल किंवा सुख अवलंबून.

मालमोटारीत फरक एवढाच की, तिला एकाऐवजी अनेक आस असतात. सर्वांत साधी गाडी दोन आसांची. पुढच्या आसाला दोन चाके, मागच्या आसाला दोन्ही बाजूंना जोडचाके, म्हणजे एकूण सहा. जास्त माल न्यायचा झाला की मागे आणखी एक आस येतो आणि गाडी दहा चाकी होते. पुढेही दोन आस दिले तर बारा चाकी. याप्रमाणे आस वाढत जातात आणि त्यांच्या मागून चाके.

प्रत्येक आसाने किती भार उचलावा, हे आपल्याकडे कायद्याने ठरवून दिलेले आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ह्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार चार चाकांच्या एका आसाला पूर्वी १०.२ टन भार चालत असे, तो ११.५ टन झाला. जवळजवळ बसवलेल्या दोन आसांच्या जोडीला १९ ऐवजी २१ टन, आणि तीन आसांच्या त्रिकुटाला २४ ऐवजी २७ टन. सहा चाकी ट्रकचे मालासकट एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. तर तीन आसांचा ओढणारा ट्रक आणि तीन आसांचा ट्रेलर मिळून जी बावीस चाकी गाडी होते, तिचे ४९ टनांवरून ५५ टनांवर.

ह्या आकड्यांत एक गंमत आहे, ती चौकस वाचकाच्या लक्षात आली असेलच. एका आसाला जर साडेअकरा टन, तर दोन आसांना तेवीस टन का नाहीत? एकवीसच का? आणि तिघांना साडेचौतीसऐवजी सत्तावीसच का? याचे कारण असे की, रस्त्याच्या आणि पुलाच्या पोटात भार पसरत खाली जातो. दोन आस अगदी शेजारी शेजारी असले तर त्यांचे भार खाली एकमेकांत मिसळतात, आणि पुलाला ते दोन नसून एकच मोठे ओझे वाटते. चिखलाच्या बांधावरून चार माणसे अंतर ठेवून चालली तर बांध टिकतो. तीच चौघे एकमेकांना बिलगून चालली तर बांध बसतो. म्हणून अमेरिकेने १९७५ साली पुलांसाठी एक सूत्रच कायद्यात आणले. आस किती आहेत एवढेच ते पाहत नाही, तर त्यांच्यामध्ये किती अंतर आहे हेही पाहते. तिकडचे ट्रेलर एवढे लांब का, याचे अर्धे उत्तर ह्या सूत्रात आहे.

कधी कधी रिकामा ट्रक जाताना त्याची मधली चाके जमिनीपासून अधांतरी उचललेली दिसतात. मुले बोट दाखवतात, मोठ्यांनाही वाटते की काहीतरी मोडले. मोडलेले काही नसते. तो उचलता येण्यासारखा आस असतो. गाडीत माल नसला की चालक तो वर घेतो. टायरची झीज वाचते आणि डिझेलही थोडे वाचते. माल भरला की तो खाली टेकवायचा, हे मात्र सक्तीचे! भरल्या गाडीत तो वरच ठेवला, तर त्याच्या वाटणीचा भार शेजारच्या आसांवर पडतो आणि सारा हिशेब कोलमडतो.

घोडा आणि त्याचे ओझे

आपल्याकडील चालक ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ‘घोडा’ म्हणतात. किती नेमके नाव! घोड्याच्या पाठीवर माल नसतो. त्याच्या मागच्या आसाच्या किंचित पुढे, वंगणाने माखलेली एक जाड लोखंडी बैठक असते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली दोन इंच जाडीची एक पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. घोडा मागे मागे सरकत ट्रेलरखाली शिरतो, खुंटी बैठकीच्या खाचेत जाते आणि जबडा खटकन् मिटतो. एवढ्याशा खुंटीवर सारी गाडी ओढली जाते! ह्या बैठकीचे इंग्रजी नाव ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक. घोडागाडीच्या काळात पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चाक बसवीत; नाव तिथून आले आणि चाक गेले तरी नाव राहिले.

अशा ट्रेलरचा जन्म मोठा मजेदार आहे. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा एक गाडे बनवणारा कारागीर होता. त्याच्याकडे एका लाकूडव्यापाऱ्याने आपली होडी तळ्यावर कशी न्यावी, असा प्रश्न आणला. फ्रूहॉफने दोन चाकांचा एक गाडा केला आणि व्यापाऱ्याच्या फोर्ड मोटारीच्या मागच्या भागावर त्याचे पुढचे टोक टेकवले. होडी सुखरूप पोहोचली. व्यापारी हुशार; त्याने लगेच लाकूड वाहण्यासाठी तसाच दुसरा गाडा मागितला. ह्या गाड्याचा मागचा भार स्वतःच्या चाकांवर आणि पुढचा भार ओढणाऱ्या मोटारीवर, म्हणून त्याला ‘सेमी-ट्रेलर’ म्हणजे अर्धा ट्रेलर म्हणू लागले. आपल्या बैलगाडीचे जू बैलांच्या खांद्यावर टेकते, तोच हा प्रकार. खुंटी घोड्याच्या आसाच्या किंचित पुढे टेकवण्यामागेही गाडीवानाचीच अक्कल आहे: ती फार मागे गेली तर घोडा उलाळ होईल आणि त्याची पुढची, वळणारी चाके हलकी होऊन सुकाणू हातात असूनही निरुपयोगी ठरेल.

ह्या जोडगाडीचा सर्वांत मोठा फायदा व्यापाराच्या दृष्टीचा. माल चढवायला चार तास लागले तर ट्रेलर आपल्या पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, आणि घोडा दुसरा ट्रेलर घेऊन कामाला लागतो. इंजिन महाग, सांगाडा स्वस्त. म्हणून इंजिनाने बसून राहायचे नाही. हीच कल्पना एक पाऊल पुढे नेली ती माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने. त्याने विचार केला, ट्रेलरवरची पेटीच चाकांपासून सुटी केली तर? २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर अशा ५८ पेट्या चढवून त्याने नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, आणि कंटेनरचे युग सुरू झाले.

आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि पुढे कोकणातल्या माणसाला वीस फुटी आणि चाळीस फुटी पेट्यांचे दर्शन नित्याचे झाले. ह्या पेट्यांखालचा ट्रेलर पाहिला तर त्याला फळ्या नाहीत, बाजू नाहीत. नुसता लोखंडी सांगाडा. पेटीच्या चारही कोपऱ्यांखाली भोके असतात. सांगाड्यावरचे चार खिळे त्यांत शिरवून पाव फेरा फिरवले की पेटी जखडली. हे काम अर्ध्या मिनिटाचे, पण न केल्यास काय होते? वळणावर गाडी वळते आणि पेटी सरळ जाऊ पाहते. भरलेली पेटी तीस टनांपर्यंत असू शकते. ती शेजारच्या मोटारीवर कलंडली तर आत बसलेल्यांचे काय होईल, हे सांगायला नको.

रस्त्याची स्मरणशक्ती

आता थोडे रस्त्याचे ऐकू. जादा माल भरणारा व्यापारी नेहमी म्हणतो, “दहा टनांच्या जागी बारा टन भरले, तर असे काय आकाश कोसळले?” व्यवहारी माणसाला हे पटतेही. वीस टक्के माल जास्त, तेव्हा रस्त्याची झीजही वीस टक्के जास्त, असे त्याला वाटते.

रस्त्याचे गणित तसे नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० ह्या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनांचे ट्रक दोन वर्षे रात्रंदिवस गोल गोल फिरवले आणि कोणता तुकडा केव्हा फुटतो याची नोंद ठेवली. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभर अभियंते स्थूलमानाने वापरतात. तो असा की, आसावरचा भार जेवढ्या पटीने वाढतो, त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळा पट! भार सव्वापट केला तर झीज जवळजवळ अडीच पट; दीडपट केला तर पाच पट. अर्ध्या टनाचा आस असलेली आपली लहानशी मोटार आणि दहा टनांचा आस असलेला ट्रक यांची तुलना केली, तर त्या एका आसाच्या एका फेरीने रस्त्याचे जेवढे नुकसान होते, तेवढे करायला मोटारीच्या आसाला एक लाख साठ हजार फेऱ्या माराव्या लागतील.

म्हणजे आसावरचा भार वीस टक्क्यांनी वाढवणाऱ्याने रस्त्याची झीज दुपटीहून वाढवली. त्या जादा फेरीचे भाडे त्याच्या खिशात गेले. खड्ड्यांचा खर्च मात्र सर्वांच्या माथी बसला. आणि उलट बाजू पाहा: तोच माल आणखी एका आसावर वाटून दिला, तर एकही पोते कमी न करता झीज किती तरी घटते. ट्रकला जादा चाके दिली म्हणजे रस्त्यावर जादा भार आला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. भीती बाळगायची ती थोड्या चाकांच्या भरगच्च गाडीची.

हा हिशेब सर्व देशांना सारखाच; उत्तरे मात्र ज्याची त्याची. अमेरिकेतला प्रसिद्ध अठरा चाकी ट्रक घ्या. तीन आसांचा घोडा, दोन आसांचा ट्रेलर, आणि एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. आपल्याकडचा अठरा चाकी ट्रक दिसायला भाऊच, पण घडण निराळी: दोन आसांचा घोडा, तीन आसांचा ट्रेलर, आणि मर्यादा साडेपंचेचाळीस टनांपर्यंत. तितक्याच चाकांवर नऊ टन जास्त! अमेरिकेचा रस्ता आपल्यापेक्षा नाजूक आहे असे नव्हे. तिथला कायदा आसाच्या बाबतीत अधिक कडक आहे, इतकेच.

ऑस्ट्रेलियाने तिसरीच वाट धरली. तिथल्या वैराण मध्यभागात रेल्वे विरळ, गावे शेकडो मैलांवर. उंटांच्या तांड्यांची जागा घेण्यासाठी १९३४ साली एक ब्रिटिश बनावटीची ‘रस्त्यावरची आगगाडी’ ॲलिस स्प्रिंग्ज येथे आणली गेली. आठ चाकांचा ट्रक आणि त्यामागे आठ आठ चाकांचे दोन ट्रेलर. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर कर्ट योहानसन नावाच्या तिथल्याच एका कल्पक माणसाने लष्कराचा जुना ट्रक घेऊन त्यामागे गुरे नेण्याचे ट्रेलर जोडले. ते अशा खुबीने की, मागच्या ट्रेलरची चाके पुढच्याच्या चाकोरीतून जावीत. लांब गाडीची ही नेहमीची खोड असते. वळताना मागची चाके आतल्या बाजूने आखूड वाट काढतात आणि कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब किंवा बिचारा सायकलवाला त्यांच्या तडाख्यात सापडतो. आज ऑस्ट्रेलियात तीन ट्रेलरांची, ५३.५ मीटरपर्यंत लांबीची आणि शंभर टनांहून जड गाडी काही ठरलेल्या रस्त्यांवरून धावते. तिथे रस्ता सरळसोट आणि माणूस विरळ. आपल्या चौकांतून ती नेणे म्हणजे देवघरात हत्ती बांधणेच! तरीही २०२० साली आपल्या नियमांत २५.२५ मीटर लांबीच्या जोडगाडीला ठरावीक मार्गांपुरती जागा करून देण्यात आली आहे.

घाट उतरताना

सपाटीवर हिशेब चुकला तर रस्ता रडतो. घाटात तो चुकला तर माणूस.

बोरघाटाचा गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला. त्याआधी लमाणांचे बैल पाठीवर गोण्या घेऊन हा घाट चढत-उतरत. बैलाला उतारावर ब्रेक लावावा लागत नाही. तो आपले पाऊल स्वतः जपून टाकतो. यंत्राला हे ज्ञान नसते. चाकणच्या कारखान्यातून भरलेली पेटी घेऊन एखादा ट्रेलर न्हावा-शेव्याकडे निघाला, की खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत तो सुमारे पाचशे मीटर खाली येतो. पंचावन्न टनांची गाडी एवढी खाली येताना जी शक्ती मोकळी होते, तिने आठशे लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीला आणता येईल. ही सारी उष्णता जाणार कुठे? काही इंजिन गिळते, थोडी हवा घेते, आणि उरलेली ब्रेकच्या पोलादी ड्रमांत साठते. ड्रम तापला की फुगतो, अस्तर बुळबुळीत होते, आणि मग पाय कितीही जोराने दाबला तरी गाडी ऐकत नाही. जादा माल भरताना मालक पाटे वाढवून घेतो, टायर दणकट घेतो. पण ब्रेकचे ड्रम काही कोणी मोठे करून घेत नाही!

म्हणून जुने चालक सांगत आले आहेत की, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनलाच गाडी मागे खेचू द्या. ब्रेक जपून ठेवा. काही जण डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. दोन-चार रुपयांच्या बचतीसाठी इंजिनचा आधारच काढून घेणारा हा जुगार आजवर अनेकांच्या जिवावर बेतला आहे.

अमेरिकेत हा प्रसंग एका मोठ्या माणसावर आला होता. क्लेसी कमिन्स हे डिझेल इंजिनांचे नामांकित निर्माते. १९३१ साली ते आपल्या इंजिनाची महती दाखवण्यासाठी एका ट्रकमधून देश ओलांडीत होते. कॅलिफोर्नियातील कॅहोन घाट उतरताना ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचा रूळ, आणि त्यावरून मालगाडी चाललेली! तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात निसटला. कमिन्स यांच्या मनातून ती घटका कधी गेली नाही. पुढे निवृत्तीच्या वयात त्यांनी असे साधन शोधून काढले की, त्याने उतारावर इंजिन शक्ती देण्याऐवजी हवा दाबणारा पंप बनते आणि गाडीला मागे ओढते. १९६१ साली जेकब्स कंपनीने ते बाजारात आणले. त्यानंतर एका वर्षाने, १९६२ मध्ये, त्यांच्याच नावाच्या इंजिनांसाठी पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनीची स्थापना झाली, हा योगायोग मराठी वाचकाला गंमतीचा वाटेल. आपल्या ट्रकांत अधिक करून आढळतो तो याचा साधा चुलतभाऊ: इंजिनाच्या धुराची वाट पडद्याने अडवून त्याला दमवणारा एक्झॉस्ट ब्रेक.

ट्रेलरच्या ब्रेकची गोष्ट आणखी निराळी. घोड्याच्या पाठीमागून ट्रेलरकडे दोन नळ्या गेलेल्या दिसतात. दोहोंतही दाबलेली हवा असते. एक नळी ट्रेलरच्या टाकीला हवा पुरवते. दुसरी चालकाच्या पायाचा निरोप नेते. समजा, चालत्या गाडीत ट्रेलर तुटला आणि नळ्या उपटल्या, तर काय होईल? हवा निघून जाताच ट्रेलरचे ब्रेक आपोआप घट्ट लागतात. आणीबाणीच्या ब्रेकात दणकट स्प्रिंग असते आणि हवेचे काम तिला दाबून धरण्याचे असते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होऊन चाक पकडते. हवा संपली म्हणजे ब्रेक गेला, असे आपण समजतो. इथे हवा संपली म्हणजे ब्रेक लागला!

परंतु यंत्र कितीही शहाणे असले तरी त्याची निगा राखली पाहिजे. ट्रेलरचे ब्रेक ढिले असले आणि घोड्याचेच तेवढे लागले, तर मागचा भार घोड्याला ढकलतो, आणि चाकूचे पाते मुठीत मिटावे तशी गाडी मधोमध दुमडते. चाके जाम होऊ न देणारी ए.बी.एस. ही योजना त्यासाठीच आहे.

चौऱ्याहत्तर चाकांची यात्रा

हिशेब नीट केला तर केवढे ओझे सुखरूप नेता येते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातून निघाले. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रातून एक अजस्र यंत्र जुलै २०१९ मध्ये रवाना झाले. वजन सत्तर टन. ते नेणाऱ्या गाडीला चाके होती चौऱ्याहत्तर! म्हणजे यंत्राच्या वजनाचा वाटा एका चाकामागे एक टनाहूनही कमी. अशा ट्रेलरांत चाकांच्या ओळीमागून ओळी असतात आणि प्रत्येक ओळ तेलाच्या दाबावर तोललेली असते. एक चाक खड्ड्यात गेले तर ते खाली उतरते, दुसरे उंचवट्यावर चढले तर वर सरकते, आणि भार सर्वांवर सारखा राहतो. भावंडांत वाटणी करताना आई जशी कोणाच्या ताटात जास्त पडू देत नाही, तसे हे तेल आपले काम करते.

ही गाडी चार राज्ये ओलांडून सुमारे सतराशे किलोमीटर गेली आणि जुलै २०२० मध्ये पोहोचली. पूर्ण एक वर्ष! टाळेबंदीमुळे मध्ये बराच काळ थांबावे लागले, हे खरे. पण चालू असतानाही दिवसाला पाचेक किलोमीटर एवढीच तिची मजल. बरोबर तीसहून अधिक माणसे. कुठे विजेच्या तारा उचलल्या, कुठे झाडाच्या फांद्या छाटल्या, कुठे पूल आधी तपासले. सत्तर टन ओझे आसांवर वाटणाऱ्या ह्या मंडळींना घाई परवडणारी नव्हती, आणि त्यांनी ती केलीही नाही.

शेवटचे ओझे कोणाचे?

इतके सारे ज्ञान असताना भरगच्च ट्रक आजही दिसतात, ते का? कारण जादा मालाचे भाडे एकाच्या खिशात जाते आणि त्याचा धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो. माल भरण्याचा हुकूम देणारा गादीवर बसलेला असतो. घाटात ब्रेक तापतो तेव्हा आत बसलेला असतो तो चालक आणि त्याचा क्लीनर.

कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवायची नाही. काही राज्यांत पूर्वी अशी वहिवाट पडली होती की, ठरावीक रक्कम भरावी आणि तोच माल घेऊन पुढे जावे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. दंड भरला म्हणून ओझे हलके होत नाही, माल खाली उतरलाच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. दंड माणसाला भरता येतो. ब्रेकला आणि पुलाला त्या पावतीचा काय उपयोग?

चालकाच्या बाबतीत अलीकडे थोडी जाग आली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. चाळीस अंशांच्या उन्हात इंजिनाशेजारी दिवसभर बसणाऱ्याला ही चैन आहे, असे ज्याला वाटते, त्याने एकदा मे महिन्यात जुन्या केबिनमध्ये तासभर बसून पाहावे. झोपमोड झालेला, उकडलेला माणूस हाही गाडीचा एक कमकुवत आसच असतो.

आपल्यासारख्या साध्या प्रवाशाने यात काय करावे? थोडे करता येते. घाटात हळू उतरणाऱ्या ट्रेलरमागे भोंगा वाजवू नये. तो हळू आहे म्हणजे शहाणा आहे. वळणाऱ्या लांब गाडीच्या आतल्या बाजूने घुसू नये. रात्री उभ्या ट्रकचे मागचे लाल पट्टे चमकताना दिसले तर आभार मानावेत. मागे खाली जी आडवी लोखंडी दांडी असते ती शोभेची नाही. लहान मोटार धडकून ट्रकच्या पोटाखाली शिरू नये म्हणून ती आहे.

आणि ट्रकच्या अंगावर एका बाजूला रंगाने लिहिलेले बारीक आकडे दिसतील, तेही वाचावेत. यू.एल.डब्ल्यू. म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन, आर.एल.डब्ल्यू. म्हणजे मालासकट जास्तीत जास्त किती. एकातून दुसरे वजा केले की गाडीने किती माल न्यायचा, ते निघते. वजाबाकी तिसरीतल्या मुलाला येण्यासारखी आहे. माल भरून घेणाऱ्यांपैकी प्रत्येकाने ती एकदा कागदावर मांडली आणि मग मानली, तर खंडाळ्याच्या उतारावरून खाली येणाऱ्या कितीतरी माणसांची दिवाळी त्यांच्या घरी साजरी होईल.